आधी दारवान, मग गाणं

प्रश्न कोल्हापूरच्या एका तरुण गीतकाराचा आहे. थोडक्यात असा: “लेला मकॅला या हैतियन वंशाच्या अमेरिकन गायिकेची गाणी ऐकली आणि तिथेच अडकून पडलो. ही मंडळी व्होडूतले (हैतीचा आफ्रिकन मुळांचा धर्म) देव, पूर्वज, ढोल हे सगळं आजच्या गाण्यात आणतात ते नेमकं कसं? देवांची नावं गुंफली की झालं का? माझी आजी खंडोबाच्या जागरणातली गाणी म्हणायची. त्यातून मला स्वतःची गाणी करायची आहेत, पण हात कुठून घालावा ते कळत नाही.”

नावं गुंफून काही होत नाही, हे आधीच सांगून टाकते. नावं हा त्यातला सगळ्यात सोपा आणि म्हणूनच सगळ्यात फसवा भाग. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी मूळची सांगलीची, माझं पहिलं वाद्य ढोलकी. गेली अठरा वर्षं माँट्रियलला आहे. कॅनडातले बहुतेक हैतियन लोक क्वेबेक प्रांतात आणि त्यातही माँट्रियलला राहतात, त्यामुळे तालवाद्यं वाजवणारं माणूस इथे आलं की आज ना उद्या त्यांच्या ढोलापाशी पोचतंच. माझे गुरू हैतीतल्या लेओगान गावचे. दिवसा टॅक्सी चालवायचे, रात्री एका इमारतीच्या तळघरात शिकवायचे. पहिले चार महिने त्यांनी मला ढोलाला हात लावू दिला नाही. हातात दिला तो एक लोखंडी तुकडा आणि वाजवायला एक जाड सळई. याला ‘ओगान’ म्हणतात. मी चिडले होते. सांगलीत तमाशाच्या फडावर वाजवून आलेली बाई मी, मला घंटी काय देता? ते म्हणाले, “पितित म्वें, ढोल देवाशी बोलतो. तू आधी ढोल काय बोलतो ते ऐकायला शीक.” पितित म्वें म्हणजे माझ्या लेकरा. मी तेव्हा चौतिशीत होते.

त्या घंटीपासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे.

व्होडूत एक प्रमुख लय आहे, यांवालू. नाचणारे गुडघ्यात वाकतात, पाठीचा कणा सापासारखा लहरत राहतो. दांबाला या सर्पदेवतेचं हे चलन. बारा बारीक ठोक्यांचं एक चक्र असतं. बारा म्हटल्यावर आपलं डोकं लगेच एकतालाकडे धावतं. तिकडे जाऊ नका. नाचणाऱ्याचे पाय त्या बारांना तीन-तीनच्या चार भागांत मोजतात, आणि ओगान त्याच चक्रात असमान अंतरांवर पडत जातं. सम नावाची जागा शोधायला गेलात की हरवलात. ओगान कोणासाठी थांबत नाही, वेगही घेत नाही. बाकीचे सगळे त्याच्या आधाराने आपापली जागा धरतात. गिटार घेऊन एकटा बसलेला गायक ही लय आणू पाहतो, तेव्हा त्याला पहिला प्रश्न पडतो तो हाच: माझ्या हातातलं ओगान कोणतं? अंगठा? पायाची टाच? की शब्दांतल्याच कठोर व्यंजनांना ते काम द्यायचं?

रादा नावाच्या विधीसमूहात तीन ढोल असतात. सगळ्यात मोठा ‘माँमाँ’ म्हणजे आई, मधला ‘सेगों’, सगळ्यात छोटा ‘बूला’. बूला सतत एकच बोल धरतो, सेगों त्याच्याशी संवाद करतो, आणि माँमाँ बोलते. रादा हे नाव पश्चिम आफ्रिकेतल्या आल्लादा या जुन्या राज्यावरून आलं आहे, आजच्या बेनिन देशात. दुसरा मोठा समूह पेत्वो. त्याचे ढोल वेगळे, बांधणी वेगळी, स्वभाव तापट. पेत्वोच्या विधीत शिट्टी वाजते आणि चाबूक कडाडतो. उसाच्या मळ्यावर जो चाबूक पाठीवर पडायचा तोच गुलामांच्या वंशजांनी वाद्य करून टाकला. मला आजही तो आवाज ऐकला की ढोलावरचा हात क्षणभर थबकतो.

आता या ढोलांमधली एक गोष्ट लक्षपूर्वक ऐका. माँमाँ वाजवणारा मध्येच लय मोडतो. याला ‘कासे’ म्हणतात, म्हणजे तोडणं. सगळे एका लहरीत असताना अचानक आडवे, अडखळवणारे ठोके येतात, नाचणाऱ्याचा तोल जातो, आणि त्या फटीतून ‘ल्वा’ माणसावर स्वार होऊ शकतो. ल्वा म्हणजे देवता, आत्मा, काहीही म्हणा. मराठीत नेमका शब्द नाही. ते म्हणतात, ल्वा माणसाला घोडा करतो. आपल्याकडे ‘अंगात येणं’ म्हणतात, त्याच्या हे जवळचं आहे. पण जवळचं आहे म्हणून तेच आहे असं समजू नका. मी ती चूक केली आणि बरीच वर्षं निस्तरत बसले.

मंचावर कासे वाजवायचा की नाही यावर हैतियन वादकांमध्ये खरोखर मतभेद आहेत. माझ्या गुरूंचं म्हणणं साधं होतं: तोल घालवलास तर पडणाऱ्याला धरायला कोणी आहे का ते आधी बघ. विधीत धरणारे असतात. तिकीट काढून आलेल्या सभागृहात नसतात. म्हणून मंचावर ते कासेची जागा मोकळी सोडायचे. नुसती शांतता. जाणकार हैतियन श्रोत्याच्या अंगावर त्या शांततेनेच काटा यायचा, आणि बाकीच्यांना वाटायचं, छान विराम घेतला.

आता क्रमाकडे येते. हैतीच्या क्रेयॉल भाषेत ‘रेग्लेमाँ’ असा शब्द आहे. विधीत कोणाला आधी नमस्कार, कोणाला नंतर, कोणत्या देवतेला कोणती लय, किती गाणी, या सगळ्याची शिस्त म्हणजे रेग्लेमाँ. सुरुवात नेहमी लेगबापासून. लेगबा दारवान आहे, काठी टेकत येणारा म्हातारा. माणसांचं जग आणि ल्वांचं जग यांच्या मधल्या फाटकाची किल्ली त्याच्याकडे. त्याला विनवणी करायची: बाबा लेगबा, फाटक उघड, म्हणजे मला आत जाता येईल. तो उघडेपर्यंत पुढे काही नाही. मग दांबाला, समुद्राचा आग्वे, प्रेमाची आणि अश्रूंची एझिली फ्रेदा, योद्धा ओगू, आणि पेत्वोच्या बाजूची कणखर आई एझिली दांतो. सगळ्यात शेवटी गेदे, मेलेल्यांचे राजे, जे येतात ते अचकट-विचकट विनोद करत. मृत्यूचा देव चावट असावा हे मला फार शहाणपणाचं वाटतं, पण तो वेगळा विषय.

एरोल जोझुए हा गायक स्वतः दीक्षा घेतलेला ऊंगान, म्हणजे पुरोहित आहे. त्याने २००७ मध्ये आपल्या अल्बमला नावच ‘रेग्लेमाँ’ दिलं. त्यात इलेक्ट्रॉनिक आवाज आहेत, जॅझ आहे, सगळं आधुनिक आहे, तरी शीर्षक सांगतं की इथे क्रम पाळला जातो. २०१२ मध्ये तो पोर्ट-ओ-प्रिन्सच्या राष्ट्रीय लोकजीवनशास्त्र कार्यालयाचा प्रमुख झाला. त्या संस्थेची स्थापना १९४१ ची, आणि ते साल योगायोगाचं नाही.

इथे थोडा इतिहास सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. परंपरा असं सांगते की १७९१ च्या ऑगस्टमध्ये बूआ कायमान इथे गुलामांनी एक व्होडू विधी केला आणि त्यातून बंड पेटलं. पुढे १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. देव आणि स्वातंत्र्य असे एकमेकांत विणलेले असूनही स्वतंत्र हैतीच्या सत्ताधाऱ्यांना मात्र व्होडूची लाजच वाटत आली. १९१५ ते १९३४ अमेरिकेच्या सैन्याने देश ताब्यात ठेवला, आणि त्याच काळातून हॉलिवूडला झाँबी आणि सुया टोचलेली बाहुली मिळाली. त्या बाहुलीचा हैतीतल्या व्होडूशी काही संबंध नाही. तुमच्या गाण्याच्या पोस्टरवर ती चुकूनही येऊ देऊ नका. १९३५ मध्ये कायद्याने ‘अंधश्रद्धेच्या प्रथा’ गुन्हा ठरवल्या. १९४१-४२ मध्ये कॅथलिक चर्चने सरकारच्या पाठबळावर मोहीमच काढली: ढोल जाळले, पूजेच्या वस्तू जाळल्या, लोकांकडून जाहीर शपथा वदवून घेतल्या. लेखक जाक रूमँ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते कार्यालय उभं केलं ते या होळीच्या धगीतच. १९३५ चा कायदा रद्द झाला १९८७ च्या राज्यघटनेने, आणि व्होडूला धर्म म्हणून अधिकृत मान्यता मिळाली थेट २००३ मध्ये.

म्हणजे जी गाणी तुम्ही आज ऐकता ती पिढ्यान्‌पिढ्या लपवून आणलेली आहेत. देवांना संतांच्या तसबिरींमागे ठेवलं गेलं. सेंट पॅट्रिकच्या पायाशी साप असतात म्हणून दांबालासाठी सेंट पॅट्रिक. आणि मंचावर ती गाणी ‘लोकनृत्य’ या नावाखाली आली, कारण त्याला परवानगी होती. १९४० च्या दशकात एमेरांत द प्रादीन ही चांगल्या घरातली मुलगी व्होडूची गाणी सभागृहात गाऊ लागली, अशा पहिल्या काही जणींपैकी ती एक. तिचे वडील कांजो हे स्वतः नावाजलेले गीतकार-गायक. तिचा मुलगा रिचर्ड मोर्स, ज्याने पुढे ‘राम’ नावाचा बँड काढला. (बँडचं नाव त्याच्या आद्याक्षरांवरून पडलं आहे. आपल्या रामाशी संबंध नाही, हे इथल्या मराठी मंडळात मला तीनदा सांगावं लागलं आहे.)

या लपवण्यातून गीतलेखनाची एक पद्धत पक्की झाली. गीतकार म्हणून तुम्हाला सगळ्यात जास्त कामाची हीच आहे. तिला ‘प्वें’ म्हणतात. शब्दशः टोक, बिंदू. ‘प्वें पाठवणं’ म्हणजे गाण्यातून असा बाण सोडणं की ज्याला लागायचा त्यालाच लागावा, आणि त्याने ओरडावं तर आपण निरागस चेहऱ्याने म्हणावं, अहो मी तर देवाचं गाणं म्हणत होतो. शेजारणींच्या भांडणातही प्वें पाठवतात आणि हुकूमशहालाही.

‘फेय’ या गाण्याची गोष्ट सांगते. फेय म्हणजे पान. गाणं परंपरेतलं आहे. पान म्हणतं: मी माझ्या फांदीवर होतो, वादळ आलं आणि मला फेकून दिलं, पण मला पडताना पाहिलंत तो काही माझा मरणाचा दिवस नव्हे. व्होडूत पानाला फार मोठा अर्थ आहे, औषध आणि देवत्व दोन्ही पानात. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये लष्कराने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष आरिस्तीद यांना हाकलून दिलं. त्यानंतर राम बँडने हे गाणं वाजवायला सुरुवात केली. त्यात आरिस्तीदचं नाव नाही, लष्कराचं नाव नाही, सरकार हा शब्दसुद्धा नाही. तरी रेडिओवरून ते देशभर झालं, आणि १९९२ च्या उन्हाळ्यापर्यंत लष्कराने त्यावर बंदी घातली. एका पानावर बंदी! प्वें बरोबर लागल्याची याहून मोठी पावती कुठली? पोर्ट-ओ-प्रिन्सच्या ज्या ओलोफसन हॉटेलात हा बँड दर गुरुवारी वाजवायचा, ते जुनं लाकडी नक्षीचं हॉटेल २०२५ च्या जुलैत टोळीयुद्धात जळून गेलं. माझ्या ओळखीचे हैतियन वादक त्या बातमीनंतर आठवडाभर नीट बोलत नव्हते.

त्याआधी १९९० च्या कार्निव्हलमध्ये बूकमान एक्सपेर्यांस या बँडने ‘के-म पा सोते’ आणलं होतं. माझं काळीज दचकत नाही, मी घाबरत नाही, असा त्याचा भाव. बँडचं नावच १७९१ च्या बंडातल्या बूकमानवरून. त्या मार्चमध्ये जनरल आव्रील यांना सत्ता सोडावी लागली. गाण्याने सरकार पडत नाही, पण लोक रस्त्यावर काय गात होते हे कोणी विसरत नाही. हा बँड ज्या प्रवाहाचा, त्याला ‘मिझिक रासीन’ म्हणतात, मूळांचं संगीत: विजेची गिटार, बास, सोबत विधीचे ढोल आणि रारातले बांबूचे कर्णे.

रारा म्हणजे लेंट (ख्रिस्ती उपवासाचा काळ) ते ईस्टर या काळात रस्त्यावरून निघणाऱ्या मिरवणुका. माझ्या गुरूंचं लेओगान त्यासाठी प्रसिद्ध. बांबूच्या कर्ण्याला वाक्सें म्हणतात, आणि एका वाक्सेंमधून प्रामुख्याने एकच सूर निघतो. चौघे-पाचजण आपापला एकेक सूर आपापल्या जागी फुंकतात तेव्हा धून तयार होते. एकट्याला ती वाजवताच येत नाही. स्वतःच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून गाणं रचणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते, आणि प्रत्येकजण मान डोलावून परत लॅपटॉपकडे वळतो.

आता लेला मकॅलाकडे. मी मुद्दाम इतका वेळ घेतला, कारण तिची गाणी वरवर फार शांत आहेत. ढोलांचा गजर नाही, देवांची यादी नाही. १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्म, आईवडील दोघेही हैतियन आणि दोघेही हक्कांच्या चळवळीतले. किशोरवयात दोन वर्षं घानाच्या आक्रा शहरात. शिक्षण पाश्चात्त्य शास्त्रीय चेलोचं. २०१० मध्ये ती न्यू ऑर्लिन्सला गेली आणि तिथल्या जुन्या फ्रेंच वस्तीतल्या रस्त्यावर बाखच्या रचना वाजवून पोट भरू लागली. न्यू ऑर्लिन्स का, याला इतिहास आहे: हैतीच्या क्रांतीनंतर क्यूबात आश्रय घेतलेले नऊ हजारांहून जास्त निर्वासित १८०९-१० मध्ये त्या शहरात उतरले आणि शहराची लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली. हैतीच्या लेकीसाठी ते परकं गाव नव्हतंच.

तिच्या पहिल्या अल्बमचा गाभा कवी लँगस्टन ह्यूज यांच्या कविता, आणि त्यांच्यामध्ये विखुरलेली हैतीची गाणी. त्यातली दोन नीट ऐका.

‘मेसी बोंद्ये’ हे गाणं फ्रांत्झ कासेयूस यांचं. हे पोर्ट-ओ-प्रिन्सचे गिटारवादक १९४६ मध्ये न्यूयॉर्कला आले आणि हैतीच्या लयींना शास्त्रीय गिटारवर बसवण्यात आयुष्य घालवलं. गाणं म्हणतं: देवा, तुझे आभार, पाऊस पडला, मका उगवला, भुकेली पोरं आता जेवतील. आणि याच आनंदात पुढे येतं, चला काँगो नाचू, चला पेत्वो नाचू. बोंद्ये म्हणजे तो दूरचा एकमेव देव, ज्याला चर्चमध्येही हाक मारतात. आणि आभार मानायचे ते पेत्वोच्या पायांनी. दोन धर्मांचा समन्वय वगैरे मोठे शब्द त्यात कुठे नाहीत. भूक लागली होती, पाऊस आला, नाचलो. मकॅला ते गाते तेव्हा आवाज वर नेत नाही. मला वाटतं तिथेच ती जिंकते.

दुसरं ‘लातिबोनित’. आर्तिबोनित ही हैतीची सगळ्यात लांब नदी, आणि तिचं खोरं म्हणजे देशाचं भाताचं कोठार. या पारंपरिक गाण्यात निरोप येतो की सोले, म्हणजे सूर्य, आजारी आहे. गाणारा धावत जातो तर सोले आडवा पडलेला. मग कळतं, गेला. आता सूर्याला पुरायचं आहे आणि जीव तुटतो आहे. हे कोणाचं मरण? एखाद्या माणसाचं, देवतेचं, देशाचं? गाणं सांगत नाही. मकॅलाही समजावून सांगत नाही. प्वें तसाच ठेवते, टोक न बोथटवता.

तिच्या चेलोकडे लक्ष द्या. बरेचदा ती गज बाजूला ठेवून तारा बोटांनी छेडते. तळाशी एक न थांबणारी आकृती, बूलासारखी, वर गाणं, आणि मधल्या फटींत चेलोचाच एखादा सूर तिच्या ओळीला उत्तर देतो. हे माझं वाजवणाऱ्या बाईचं ऐकणं आहे, तिने असं कुठे म्हटलंय असा माझा दावा नाही. पण एकदा असं ऐकलंत की परत वेगळं ऐकू येत नाही.

हे उत्तर देणं फार मोलाचं आहे. विधीत गाणं ‘पाठवणारी’ एक व्यक्ती असते, ऊनजेनिकों. ती ओळ टाकते आणि पांढऱ्या कपड्यांतल्या ऊन्सी, म्हणजे दीक्षा घेतलेल्यांचा समुदाय, ती उचलतो. उत्तर आलं नाही तर गाणं झालंच नाही. देश सोडून आलेल्या गायिकेपुढे इथे खरी अडचण उभी राहते: तिच्याकडे ऊन्सी कुठून येणार? प्रत्येकीने वाट वेगळी काढली. तोतो बिसँत मूळ काप-आइसियँची, पॅरिसमध्ये नाटकात काम करणारी. तिने १९७७ च्या ध्वनिमुद्रिकेत व्होडूची गाणी घेतली आणि मोजक्या वाद्यांच्या साथीत तिचा आवाज इतका उघडा ठेवला की उत्तर न येणं हेच गाणं झालं. परदेशात अडकलेल्या बाईचा हंबरडा. बासरीवादक आणि गायिका नाताली जोआकिम हिने उलट केलं. ती आपल्या कुटुंबाच्या गावी, दक्षिण हैतीतल्या दांतां इथे गेली, तिथल्या मुलींच्या गायनवृंदाचा आवाज ध्वनिमुद्रित केला आणि तो तंतुवाद्यांच्या चौकडीशेजारी आणून ठेवला. २०१९ च्या ‘फाम दायिती’ या तिच्या अल्बममध्ये तो आहे, आणि त्यातच एमेरांत द प्रादीनचा वृद्ध आवाजही. कॅनडात वाढलेल्या मेलिसा लाव्होने २०१८ मध्ये अमेरिकन ताब्याच्या काळातली प्रतिकाराची आणि व्होडूची गाणी पूर्णपणे क्रेयॉलमध्ये, जवळजवळ रॉकच्या अंगाने केली. तिच्यातली गिटार हाच ढोल आहे. माझ्या गुरूंना ते आवडलं नव्हतं. मला आवडतं. आमचं त्यावर भांडण झालं होतं आणि ते गेले तरी मिटलेलं नाही.

मकॅलाने आपलं उत्तर एका रेडिओच्या संग्रहात शोधलं. रेडिओ हैती-इंतेर हे क्रेयॉलमधून निर्भीडपणे बोलणारं स्वतंत्र केंद्र. त्याचे संचालक जाँ दोमिनीक यांची ३ एप्रिल २००० ला केंद्राच्या आवारातच हत्या झाली. पुढे त्या केंद्राचा संग्रह अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाकडे गेला, आणि विद्यापीठाने मकॅलाला त्यावर रंगमंचीय कलाकृती करायला सांगितली. त्यातून २०२२ चा अल्बम आला, ज्याच्या नावात ताप लपवायला थर्मामीटर फोडण्याची कल्पना आहे. गाण्यांच्या मधून मधून संग्रहातले जुने आवाज येतात. गेलेली माणसं बोलतात, ती गाते; ती गाते, ते बोलतात. मला विचाराल तर तिचं सगळ्यात ‘धार्मिक’ काम हेच, आणि त्यात विधी असा एकही नाही.

का, ते सांगते. क्रेयॉलमध्ये ‘लोत बो द्लो’ म्हणजे पाण्याच्या पलीकडे. परदेशी गेलेल्या माणसाला तसं म्हणतात. आणि व्होडूत मेलेल्याचा आत्मा ‘आंबा द्लो’, पाण्याखाली जातो. एक वर्ष आणि एक दिवस झाल्यावर घरच्यांनी विधी करून त्याला पाण्यातून वर बोलवायचं, तेव्हा तो पूर्वज म्हणून घराशी बोलू लागतो. पूर्वजांची आफ्रिका, गिनें, तीही पाण्यापलीकडेच. आता विचार करा, न्यूयॉर्क किंवा माँट्रियलला जन्मलेल्या मुलीसाठी हैती पाण्यापलीकडे आहे, मेलेले पाण्याखाली आहेत, आणि ती स्वतः हैतीतल्यांच्या लेखी पाण्यापलीकडची आहे. या लोकांच्या गाण्यात जिथे जिथे पाणी येतं तिथे हे तिन्ही अर्थ एकदम हलतात. असा शब्द तुमच्या आजीच्या गाण्यांतही कुठेतरी दडलेला असणार. भंडारा असेल, घोडा असेल, गड असेल. मी सांगू शकत नाही, कारण ती गाणी माझी नाहीत.

तर तुमच्याकडे वळते. जागरणात आणि गोंधळातही देवांना क्रमाने, गावाच्या नावासकट आवतण असतं. ते तुम्हाला माहीत आहेच. हैतीच्या मंडळींकडून घ्यायचं असेल तर दिमडीवर यांवालू बसवू नका. कोल्हापूरच्या गाण्यात लेगबाही आणू नका. मी पूर्वी असा एक ‘फ्यूजन’ कार्यक्रम केला होता, संबळ आणि माँमाँ एकत्र. टाळ्या भरपूर पडल्या. कार्यक्रमानंतर गुरूंनी एवढंच विचारलं की तू लेगबाला बोलावलंस ते कशासाठी, आणि तो आल्यावर तू त्याला काय दिलंस? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चाल उचलण्याआधी गाण्याचं काम शोधा. ते गाणं रात्रीच्या कोणत्या प्रहरी यायचं, त्याच्या आधी काय झालेलं असायचं, ओळ कोण टाकायचं आणि झेलायचं कोण. वाघ्या-मुरळी अजून तुमच्या भागात असतील तर त्यांच्यासोबत आधी नुसती घाटी वाजवत बसा, चार महिने म्हणत नाही, चार रात्री तरी. त्यांच्याकडून गाणं घेतलंत तर त्यांचं नाव आणि पैसे दोन्ही द्या. दिवसा टॅक्सी चालवणाऱ्या वादकाकडून मी शिकले आहे, त्यामुळे या बाबतीत मी जरा कडक आहे. मग घरी येऊन स्वतःचं गाणं स्वतःच्या शब्दांत लिहा, देवाचं नाव न घेता. काम तेच ठेवा, वस्तू बदला. पहिला मसुदा झाला की आजीच्या पिढीतल्या एखाद्या बाईला ऐकवा. तिने मध्येच, न सांगता, ओळ झेलली तर तुम्ही बरोबर आहात. गप्प बसून ‘छान’ म्हणाली तर परत लिहायला बसा.

तुम्ही आजीबद्दल ‘म्हणायची’ असं लिहिलं आहे. त्या असतील तर त्यांना गाणं म्हणून दाखव असं सांगू नका, कॅसेट लावल्यासारख्या म्हणून टाकतील. विचारा, “आजी, तू सुरुवात कशाने करायचीस?” आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवून गप्प बसा. त्या नसतील, तर ज्या घरांत त्यांनी जागरणं गायली त्या घरांतल्या म्हाताऱ्यांना हाच प्रश्न विचारा.